कठड्याआडचा चिनी गुलाब : एक वाफा, तीन तक्रारी

पुण्यातल्या एका चार मजली सोसायटीच्या गच्चीवर दक्षिणेकडच्या कठड्याला लागून सिमेंटचा एक लांबट वाफा बांधलेला आहे. आतलं माप लांबी 6 मीटर, रुंदी 45 सेंटिमीटर, खोली 25 सेंटिमीटर. वाफ्यातली माती गच्चीच्या फरशीपासून साधारण 45 सेंटिमीटर उंच येते आणि तिच्या वर कठडा आणखी 60 सेंटिमीटर उभा आहे. या वाफ्यातून चिनी गुलाब आतल्या बाजूने खाली सोडायचा, गच्चीवर येणाऱ्याला फुलांची झालर दिसावी, अशी कल्पना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नर्सरीतून फुलांवर असलेल्या पिशव्या आणून लावल्या. त्यानंतरच्या वर्षभरात तक्रारी तीन आल्या. हिवाळाभर एक फूल नाही. मार्चपर्यंत फांद्या नुसत्या लांब आणि लुळ्या. एप्रिल-मेमध्ये मात्र असा बहर, की लोक फोटो काढायला वर यायला लागले. आणि जुलैमध्ये मधला सगळा भाग सडून काळा पडला.

सोसायटीने प्रत्येक वेळी एकच निदान केलं: खत कमी पडतंय. हिवाळ्यात आठवड्याला मूठभर युरिया सुरू झाला आणि पावसाळ्यातही चालू राहिला. प्रत्यक्षात तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी होती आणि त्यातली एकही खताच्या कमतरतेची नव्हती. हिवाळ्यातली तक्रार सावलीची, मार्चमधली सावली आणि युरिया या दोघांची, जुलैमधली पाण्याची. म्हणून प्रत्येकीचा विचार वेगळा करायला हवा.

झाड कोणतं लावलंय ते आधी पाहा

चिनी गुलाब, ऑफिस टाइम, पोर्तुलाका या नावांनी आपल्याकडे दोन वेगळी झाडं विकली जातात. एकाची पानं सुईसारखी गोल, टोकदार. पानांच्या बगलेत पांढुरक्या लांब केसांचा झुबका. हा पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा, मूळचा अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलकडचा. दुसऱ्याची पानं चपटी, घोळाच्या भाजीसारखी, फुलं बहुधा एकेरी पाच पाकळ्यांची. हा पोर्तुलाका अंब्राटिकोला जातीचा संकर. ओळखायची पक्की खूण बोंडात आहे. चपट्या पानांच्या जातीच्या बोंडाभोवती पातळ पारदर्शक कडा असते, अगदी टोपीच्या झालरीसारखी. सुईच्या पानांच्या जातीत ती नसते. दोन्हींची बोंडं पिकली की वरचं झाकण अलगद निघतं आणि आत राखाडी चमकदार बी दिसतं. बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास भरतं.

या वाफ्यात दोन्ही जाती मिसळून लावल्या होत्या. चपट्या पानांची जास्त पसरते, लोंबते आणि पावसाला थोडी जास्त टिकते. सुईच्या पानांची, त्यातही दुहेरी पाकळ्यांची, दिसायला सुंदर. पण ओलाव्यात लवकर सडते. दुहेरी फुलांना बी नीट धरत नाही, त्यामुळे तिचं रोप गेलं की रंगही गेला. दोन्ही एकत्र लावल्या की चपटी जात दोन-तीन महिन्यांत दुसरीवर चढते. लोंबत्या कडेला चपट्या पानांची आणि सुईच्या पानांची वेगळ्या कुंड्यांत, अशी वाटणी केली तर दोन्ही जगतात.

दोन्हींचा स्वभाव मात्र एक. फूल एका दिवसाचं. सकाळी ऊन चढलं की उमलतं, दुपारी मिटतं, ढगाळ दिवशी उमलतच नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास एखाद्या उमललेल्या फुलाच्या केसरांना काडीने हलकेच स्पर्श करून बघा. केसर सावकाश काडीच्या दिशेने झुकतात. फुलोरी ही छोटी मधमाशी फुलात उतरली की हेच होतं आणि पराग तिच्या अंगाला लागतो. मुलांना दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे आणि भिंग न घेताही दिसते.

हिवाळ्याची तक्रार: साठ सेंटिमीटरचा कठडा

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून फक्त 48 अंश वर असतो. तेव्हा मातीच्या वर 60 सेंटिमीटर उभ्या असलेल्या कठड्याची सावली मातीवर 54 सेंटिमीटर लांब पडते. वाफा 45 सेंटिमीटर रुंद. म्हणजे डिसेंबरच्या भर दुपारीही या वाफ्याला उन्हाचा एक किरण मिळत नाही. सकाळी आणि संध्याकाळी काही मिळत असेल म्हणावं, तर हिवाळ्यात सूर्य उगवतो आग्नेयेला, मावळतो नैऋत्येला, म्हणजे दिवसभर कठड्याच्या पलीकडेच.

हीच आकडेमोड पुढे नेली की वर्षाचं चित्र उभं राहतं. साधारण 17 नोव्हेंबर ते 25 जानेवारी वाफा संपूर्ण सावलीत. फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारची सावली 36 सेंटिमीटर, म्हणजे पुढच्या कडेला 9 सेंटिमीटरची पट्टी उन्हात. 21 मार्चला सावली 20 सेंटिमीटर आणि ती जवळजवळ दिवसभर तेवढीच राहते. वाफ्याचा निम्म्याहून जास्त भाग उन्हात येतो. मे महिन्याच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास, कठड्याची दुपारची सावली उरतच नाही. एप्रिल-मेचा तो बहर इथून आला.

नोव्हेंबरमध्ये आणलेल्या रोपांवर पहिले चार दिवस फुलं दिसली ती नर्सरीच्या उन्हात धरलेल्या कळ्यांची होती. या झाडाला फुलायला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. उघड्या आकाशाखालची उजेडी सावली आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते, झाडाला ती पुरत नाही. झाड मरत नाही, पण उजेडाच्या शोधात पेरांमधलं अंतर वाढतं, फांदी पांढरट-हिरवी आणि बोटाने दाबली तर पाणचट लागते. अशा फांदीला युरिया मिळाला की ती आणखी लांब आणि आणखी मऊ होते. मार्चमध्ये इथल्या फांद्या 35-40 सेंटिमीटरच्या होत्या आणि शेंड्याकडच्या वीतभर भागातच पानं होती. पुढे जुलैमध्ये सड इतक्या वेगाने पसरली, त्यामागे या मऊ फांद्याही आहेत.

गच्चीवर, बाल्कनीत किंवा कुंपणालगत हे झाड लावण्याआधी डिसेंबरचं ऊन तपासावं. डिसेंबरपर्यंत थांबायला वेळ नसेल तर सोपा हिशेब असा: दक्षिणेकडचा अडथळा मातीच्या पातळीपासून जितका उंच, त्याच्या नऊ दशांश अंतरापर्यंत डिसेंबरच्या दुपारची सावली पोचते. हा हिशेब पुणे, मुंबई, सोलापूर या पट्ट्यात चालतो. नागपुरात सावली आणखी थोडी लांब, गोव्यात थोडी आखूड.

जुलैची तक्रार: वाफा उपसल्यावर काय दिसलं

सड मधोमध होती. कडेवरून बाहेर लोंबणाऱ्या फांद्या हिरव्या होत्या आणि त्यांच्यावर उघडीप पडली की फुलंही येत होती. एवढ्यावरून बरंच कळतं. पावसाचं पाणी दोन्हीकडे सारखंच पडत होतं. फरक होता तो पाणी निथळण्याचा आणि वारा लागण्याचा. पावसात भिजून हे झाड मरत नाही. मुळाशी पाणी थांबलं आणि फांद्यांचा गच्च थर वाळला नाही की मरतं.

मेलेलं एक रोप मातीतून उपटून मुळं बोटांत धरून ओढली, तर वरची तपकिरी साल मोज्यासारखी निसटून आली आणि आत पांढरा दोरा राहिला. ही पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या मूळकुजीची ठरलेली खूण. वाफ्याच्या एका टोकाला खोडाशी पांढरे पंख्यासारखे तंतू आणि मातीवर मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले. ते स्क्लेरोशियम या बुरशीचे. हे दाणे मातीत बरीच वर्षं तग धरतात, म्हणून ते दिसलेल्या जागची वरची माती उचलून टाकून द्यावी, कंपोस्टमध्ये घालू नये. काही पानांच्या मागे पांढरे फोड होते. हा पांढरा तांबेरा, ओलाव्यातच वाढणारा. पानं खुडून टाकली आणि हवा खेळती झाली की बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

मग माती उपसली. भरण असं होतं: तळाला 6-7 सेंटिमीटर विटांचे तुकडे, वर नर्सरीची लाल चिकण माती, शेणखत आणि कोकोपीट. पाणी जायला सहा मीटरमध्ये फक्त दोन नळ्या, 20 मिलिमीटरच्या. दोन्ही मुळांनी आणि गाळाने बंद. विटांच्या तुकड्यांमध्ये गाळ बसून चिखल झालेला, त्याच्या वरचा आठ-दहा सेंटिमीटरचा थर काळपट आणि कुबट वासाचा.

विटांच्या तुकड्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तळाला खापऱ्या-विटा घातल्या की निचरा होतो हे आपल्याकडे प्रत्येक घरात मानलं जातं. बारीक मातीखाली जाड खडीचा थर आला की पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरच्या मातीचा तळ पूर्ण भिजून तुडुंब होतो, तेव्हाच पाणी खाली सुटतं. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, तो फक्त विटांच्या जाडीइतका वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो. 25 सेंटिमीटरच्या वाफ्यात 7 सेंटिमीटर विटा घातल्या तर उरतात 18, आणि त्यातले खालचे आठ-दहा पावसाळाभर गच्च ओले. चिनी गुलाबाची मुळं उथळ, बहुतेक वरच्या 10-12 सेंटिमीटरमध्ये. त्यांना कोरडी जागा उरलीच नाही. निचरा ठरतो तो मातीच्या कणांवर आणि पाणी बाहेर पडायच्या वाटेवर.

कोकोपीट आणि वाळू न मिसळलेली लाल माती यांनी उरलेलं काम केलं. कोकोपीट पाणी धरून ठेवण्यासाठी वापरतात. उन्हाळी भाजीच्या कुंडीत त्याचा उपयोग आहे, या झाडाच्या पावसाळ्यात नाही. शिवाय कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता होता, म्हणून त्यावर पडणारं सगळं पाणी भिंतीवरून ओघळून याच वाफ्यात येत होतं.

वजनाचाही विचार या निमित्ताने झाला. पूर्ण भिजलेली चिकण माती घनमीटरला 1.8 टनांच्या आसपास जाते. 25 सेंटिमीटर भरणीचा भार चौरस मीटरला सुमारे 450 किलो. वापरातल्या गच्चीसाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात धरलेला चालू भार (माणसं, सामान यांचा) चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. बांधीव वाफ्यासाठी इमारतीच्या आराखड्यात वेगळी तरतूद आहे का, हे अभियंत्याला विचारूनच माती भरावी. तुंबलेल्या वाफ्याचा प्रश्न झाडापुरता नसतो. त्याच्याखालच्या घराच्या छताला ओल येते.

नवी भरण

काम सप्टेंबरअखेर, पाऊस सरत असताना केलं. नळ्या दोनाच्या चार, 40 मिलिमीटरच्या, दीड मीटरला एक याप्रमाणे, वाफ्याच्या पुढच्या भिंतीत तळाला टेकून. स्लॅबला भोक पाडायचं नाही, वॉटरप्रूफिंगला धक्का लागू द्यायचा नाही. नळीच्या तोंडाला आतून जाळी. तळाला 3 सेंटिमीटर उंचीची ड्रेन सेल, म्हणजे प्लास्टिकची पोकळ जाळीदार पाटी, आणि तिच्यावर पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड. या कापडावरही ओला थर धरतोच, वर सांगितलेला नियम इथेही लागू आहे; ड्रेन सेलचं काम पाणी आडवं नळीपर्यंत नेण्याचं. म्हणून वरचं मिश्रण भरडच हवं. कठड्याच्या भिंतीलगत 5 सेंटिमीटरची पट्टी 10-12 मिलिमीटरच्या खडीने तळापर्यंत भरली. माथ्यावरून ओघळणारं पाणी मातीत न शिरता सरळ खाली जातं.

मिश्रणाची उंची 18 सेंटिमीटर, काठापासून 4 सेंटिमीटर खाली. 6 मीटर गुणिले 0.45 गुणिले 0.18, म्हणजे सुमारे 485 लिटर; माती बसते म्हणून 550 लिटरची तयारी. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीने मोजायचं तर लाल किंवा पोयट्याची चाळलेली माती 11 बादल्या, धुतलेली भरड वाळू 11 बादल्या, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत साडेपाच बादल्या. खडीच्या पट्टीमुळे थोडं मिश्रण उरतं, ते नंतर खड्डे भरायला लागतंच.

वाळूबाबत तडजोड करू नये. नदीची वाळू सहज मिळत नाही आणि मागूही नये. क्रश सँड चालते, पण त्यातली भुकटी चाळून आणि धुऊन काढायची. 2 ते 4 मिलिमीटरचे दाणे राहिले पाहिजेत. भुकटीसकट घातली तर ती मातीत सिमेंटसारखी बसते आणि वाळू घालून निचरा आणखी बिघडतो. पारख अशी: भोकं असलेल्या कुंडीत 18 सेंटिमीटर मिश्रण भरून एकदा पूर्ण भिजवावं, मग एक लिटर पाणी ओतावं. मिनिट-दीड मिनिटात पृष्ठभागावरून पाणी दिसेनासं व्हायला हवं. पाच मिनिटं तळं राहिलं तर वाळू वाढवावी.

ज्या वाफ्यात कूज झाली आहे तिथे शेणखतात किलोमागे 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून, ओलसर गोणपाटाखाली आठवडाभर सावलीत ठेवून मग वापरावं. जुनी माती पुन्हा वापरायचीच असेल तर मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ पसरून महिनाभर तापवावी. इथे मध्यभागची माती टाकूनच दिली.

लागवड कुठे आणि कधी

इतकं करूनही कठड्याची सावली जागेवरच राहते. म्हणून निर्णय असा झाला, की दक्षिणेचा वाफा मार्च ते ऑक्टोबरचा. हिवाळ्यासाठी उत्तरेकडच्या कठड्याला टेकून दहा लांबट खोके ठेवायचे, 60 बाय 20 बाय 18 सेंटिमीटरचे. ते दक्षिणेकडे तोंड करून असल्याने हिवाळ्यात दिवसभर ऊन मिळतं. प्रत्येकाच्या तळाला 10 मिलिमीटरची आठ भोकं, मिश्रण सुमारे एक बादली. हेच खोके पावसाळ्यात मातृरोपांचे होतात आणि उचलून छपराखाली नेता येतात. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात कामाचा बदल हाच. वाफ्यावर कितीही खर्च केला तरी हलवता येणारा साठा नसेल तर एका वाईट जुलैने सगळे रंग जातात.

कलमं लावायला दक्षिणेच्या वाफ्यात 15 मार्चच्या आसपास हात घातला. फांदीचा शेंड्याकडचा 8 ते 10 सेंटिमीटरचा भाग घ्यायचा, कळ्या आणि खालची पानं खुडायची, चार-सहा तास सावलीत ठेवून चीक आणि कापाची जागा सुकू द्यायची. दोन पेरं मातीत जातील इतकं खोचायचं. दोन ओळी, ओळीत दर 20 सेंटिमीटरला एक जागा, एका जागी तीन फांद्या: 30 गुणिले 2 गुणिले 3, म्हणजे 180 फांद्या. पहिली ओळ पुढच्या काठापासून 8 सेंटिमीटरवर, दुसरी 22 वर, कारण मार्चमध्ये मागच्या 20 सेंटिमीटरला ऊन नसतं. मागची जागा झाड एप्रिलमध्ये स्वतःच भरून काढतं. मुळं सात-दहा दिवसांत धरतात. लावल्या दिवशी हलकं पाणी, मग माती वरून दोन सेंटिमीटर सुकेपर्यंत नाही. कलम पहिल्या दोन दिवसांत मान टाकतं म्हणून रोज पाणी घालणं ही नेहमीची चूक. कूज तिथूनच सुरू होते.

बियांपासून करायचं असेल तर सुईच्या पानांची एकेरी जात. बी मातीत पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मिश्रणावर भुरभुरवायचं, हाताने दाबायचं, पाणी फवाऱ्याने. फेब्रुवारीअखेरनंतर, रात्रीचा गारठा गेल्यावर, आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं. त्यात घोळाची रोपंही उगवतील. त्यांचा देठ तांबूस, फूल अगदी लहान पिवळं. लवकर उपटावं, नाहीतर तो वाफ्याचा ताबा घेतो.

उन्हाळ्यातली राखण

पृष्ठभाग 2.7 चौरस मीटर आहे. एका वेळी 25 ते 27 लिटर पाणी घातलं की सुमारे 10 मिलिमीटर पावसाइतकं होतं. एप्रिल-मेमध्ये तीन दिवसांनी एकदा पुरे. पाणी हवंय हे पान सांगतं: सकाळी पान टरटरीत आहे तर नको, सकाळीही सुरकुतलेलं आहे तर आज द्या. संध्याकाळच्या सुरकुतीवर जाऊ नये, ती रात्रीत भरून निघते. या झाडाची प्रकाशसंश्लेषणाची रीतच वेगळी आहे. एरवी ते मका-ज्वारीसारखं काम करतं. पाण्याचा ताण पडला की निवडुंगासारखं रात्री कार्बन डायऑक्साइड साठवायलाही लागतं. ताणाची त्याला सवय आहे, पाण्याच्या रोजच्या पाइपची नाही.

युरिया बंद. मार्चच्या लागवडीनंतर तीन आठवड्यांनी 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, इतकंच. मिश्रणातलं शेणखत हंगामभर पुरतं. फुलं कमी झाली की पहिला संशय उन्हावर, दुसरा फांद्यांच्या वयावर, खतावर सगळ्यात शेवटी. फुलं शेंड्याला येतात, म्हणून महिन्यातून एकदा 20 सेंटिमीटरहून लांब फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटाव्यात. दोन ते तीन आठवड्यांत दुप्पट शेंडे फुलांवर येतात. सगळा वाफा एकाच दिवशी छाटू नये. अर्धा आज, अर्धा दहा दिवसांनी, म्हणजे फुलांत खंड पडत नाही.

मेमध्ये पेरांच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग त्यांच्याकडेच जाते. जास्त लागलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाकाव्यात, उरलेल्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवाव्यात आणि संध्याकाळी लिटरला 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, 2 मिलिलिटर सौम्य साबण मिसळून फवारावं, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात तेल फवारलं की पानं भाजतात.

काळ्या, फांद्याफांद्यांच्या काट्यांच्या अळ्या दिसल्या तर मात्र फवारणी करू नका. ती छोटा चांदवा या फुलपाखराची अळी आहे. घोळ हे तिचं ठरलेलं खाद्य आणि चिनी गुलाबही तिला चालतो. काटे दिसायला भीतिदायक, पण निरुपद्रवी. एक कोपरा ती खाऊन टाकेल, झाड पंधरा दिवसांत भरून येईल. याची मादी बिबळ्या कडवा या दुसऱ्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. असं फुलपाखरू गच्चीवर जन्माला येणार असेल तर वीतभर पानं द्यायला हरकत नाही.

मेअखेरची कात्री

पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो. त्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, कोरडा दिवस पाहून वाफ्याची मोठी छाटणी करायची. नेमका तेव्हा बहर भरात असतो आणि कोणाचाच हात चालत नाही. पण जुलैमध्ये सडतो तो हाच दाट थर. फांद्या 6-7 सेंटिमीटरवर कापायच्या, प्रत्येक खुंटावर थोडी पानं राहतील असं बघायचं. अगदी बोडका खुंट बऱ्याचदा वाळून जातो. तीनपैकी एक फांदी बुडातून काढून झुडूप विरळ करायचं. खाली पडलेली पानं, मिटलेल्या फुलांचा लगदा हाताने वेचायचा. छाटल्यावर तीन दिवस पाणी नाही.

निघालेल्या फांद्यांतल्या निरोगी निवडून खोक्यांत लावायच्या, एका खोक्यात आठ जागी दोन-दोन, प्रत्येक रंगाच्या खोक्यावर खूण करून. खोके जिन्याच्या खोलीलगतच्या पारदर्शक पत्र्याखाली, चारी बाजूंनी वारा लागेल असे, जमिनीपासून विटांवर उचललेले. पावसाळ्यात त्यांना पाच-सहा दिवसांनी थोडं पाणी पुरतं. बंद खोलीच्या खिडकीत ठेवू नयेत. तिथे ऊनही नाही, वाराही नाही.

त्या पावसाळ्यात वाफ्याचा बहुतेक भाग टिकला. पश्चिमेच्या टोकाला हातभर जागा पुन्हा कुजली. तिथली नळी पानांनी अर्धी बंद झाली होती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर दर रविवारी चारही नळ्यांत तार घालायचं काम माळ्याच्या यादीत आहे. मोठ्या पावसानंतर चारही तोंडांतून पाणी येताना दिसलं पाहिजे. एखादं कोरडं असेल तर त्याच दिवशी बघायचं.

पावसात सड दिसलीच तर औषधाच्या मागे लागण्याआधी लोंबत्या, हिरव्या, कडक फांद्यांचे शेंडे कापून घ्यावेत. कापाच्या जागी आतला भाग फिकट हिरवा हवा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापावं, ठिपका दिसेनासा होईपर्यंत. एक दिवस सुकवून छपराखाली वाळूत लावावेत. अशा वेळी मूळ रोप वाचवण्यात घालवलेले आठ दिवस वाया जातात आणि तेवढ्यात कूज शेंड्यापर्यंत पोचते.

कोकणात आणि गोव्यात, जिथे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, उघडा वाफा पावसाळ्यात टिकवायचा प्रयत्नच करू नये. मेमध्ये सगळंच खोक्यांत काढून छपराखाली न्यावं आणि ऑक्टोबरमध्ये वाफा नव्याने लावावा.

वाफ्याच्या पूर्व टोकाला पाण्याच्या टाकीची सावली पडते. मेमध्येही तीन-चार तासच ऊन. तिथे चिनी गुलाबाचा हट्ट सोडून बेबी सन रोज लावलं. हे दक्षिण आफ्रिकेचं, हृदयाच्या आकाराच्या चकचकीत मांसल पानांचं, बारीक गुलाबी-लाल फुलांचं. अर्ध्या दिवसाच्या उन्हात भागवतं, लोंबतंही छान. फुलं तितकी भरगच्च येत नाहीत, पण पानांनीच झालर भरते. निचऱ्याची गरज त्यालाही तितकीच.

नोव्हेंबर आला की दक्षिणेचा वाफा 6-7 सेंटिमीटरवर छाटून आठ-दहा दिवसांतून एकदाच पाणी, खत काहीही नाही. खुंट जिवंत राहतात आणि मार्चमध्ये पुन्हा फुटतात. तोवर फुलं उत्तरेच्या कठड्यालगतच्या खोक्यांत.